समक्षबाई

बाईंची सही फार देखणी होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्या सहीनेच केला. पहिलं अक्षर जरा मोठं, मग धावदोरा घातल्यासारखी बारीक, सरळ ओळ, आणि शेवटी दोरा तोडावा तसा एक झटका. शिवणाच्या बाईंची सही शिवणासारखीच असायची. शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात मुलींच्या पाठाच्या वह्यांत ती एकोणीस वर्षं होत होती, आणि तिच्या डोक्यावर दरवेळी एकच वाक्य असायचं : ‘माझ्या समक्ष मार्गदर्शन झाले.’

त्यावरून पोरापोरींनी नाव पाडलं, समक्षबाई. बाईंना ते माहीत होतं. रागवायच्या नाहीत. ‘कात्रीबाई’पेक्षा बरं, म्हणायच्या. त्यांच्या आधीच्या बाईंना कात्रीबाई म्हणत.

प्रकार असा होता. विद्यालयाला जोडून एक शाळा होती. उद्या शिक्षक होणारी मुलंमुली त्या शाळेत सरावाचे पाठ घ्यायची. मागच्या बाकावर मार्गदर्शक सर बसून बघायचे, आणि पाठ संपला की काय बरोबर, काय चूक ते समजावून सांगायचे. आता मार्गदर्शक म्हणजे सरच. बाई मार्गदर्शक का नाहीत, असं कोणी विचारलंच तर ‘मार्गदर्शकाला जरब लागते हो’ असं उत्तर यायचं, आणि ज्या बाई पंचावन्न पोरांच्या हातात सुया देऊन वर्ग सांभाळत होत्या, त्याही मान हलवायच्या. तर मार्गदर्शक सर पुरुष आणि शिकणारी मुलगी, म्हणजे खोलीत दोघंच. ते बरं दिसत नाही. म्हणून फार पूर्वीच्या एका मुख्याध्यापकांनी नियम केला की दार उघडं ठेवावं, एक बाईमाणूस तिसऱ्या खुर्चीवर बसावं, आणि शेवटी तिने सही करावी. नियम चांगल्या मनाने केला होता. वाईट मनाने केलेले नियम इतकी वर्षं टिकत नाहीत, कोणीतरी भांडतंच.

तिसरी खुर्ची दाराजवळ होती. तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली बाईंनी कापडाची घडी कोंबली होती. तिथे बसून त्या काज करायच्या. मुलीचं मार्गदर्शन साधारण चार मिनिटं चालायचं, आणि चार मिनिटांत नीट काज होत नाही. अर्ध्यावर टाका अडकवून ठेवावा लागे.

“छान झाला हं पाठ, बाळ,” थोरले सर म्हणायचे. सगळ्यात जुने मार्गदर्शक म्हणून ते थोरले.

“थँक्यू सर.”

“आवाज गोड आहे. जरासा वाढव.”

“हो सर.”

“फळ्यावरचं अक्षर तर काय, नुसतं बघत बसावं.”

“हो सर. म्हणजे, थँक्यू सर.”

मग सर हिरव्या शाईचं पेन काढायचे आणि वहीत लिहायचे, ‘पाठ छान. आवाज थोडा वाढवावा.’ मुलग्यांच्या वहीत लाल शाई, मुलींच्या वहीत हिरवी. हा सरांचा स्वतःचा शोध. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एका मुलीच्या पाठाच्या चिंधड्या उडवल्या होत्या, अगदी मन लावून. ती रडत घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील येऊन उभे राहिले. “आमच्या मुलीला चारचौघांत बोललात म्हणे?” सरांनी माफी मागितली, मुख्याध्यापकांनी समज दिली, तेव्हापासून हिरवी शाई. “मला तीन मुली आहेत, बाई,” ते समक्षबाईंना म्हणाले होते. “लेकीच्या वहीत लाल शाई बघवत नाही हो.” माणूस सज्जन. मुंगीला वाट देऊन पुढे जाणारा.

पण सज्जन माणसाचं खरं विद्यालय रस्त्यापलीकडे भरायचं, चहाच्या टपरीवर. शिवणवर्गाची खिडकी नेमकी त्या बाजूला उघडायची आणि सरांचा आवाज म्हणजे शाळेची घंटा. संध्याकाळी शाळा सुटल्यावर चार-पाच मुलगे त्यांना घेरून बसायचे. मुलींनी टपरीवर बसायची सोय नव्हती. कोणी मनाई केली नव्हती, पण तशी सोयच नव्हती.

“अरे गाढवा,” सर तिथे गरजायचे, “प्रश्न तूच विचारलास, उत्तरही तूच दिलंस. मग पोरं काय तुझ्या लग्नाला आली होती, नुसती बघायला?”

“सर, वर्ग गप्प झाला की भीती वाटते,” लंबू म्हणायचा. लंबू म्हणजे घोळ झाला त्या वर्षीचा सगळ्यात उंच मुलगा. बाकावर बसला की गुडघे छातीला लागायचे.

“वाटू दे. ती शांतता तुझी नाही, पोरांची आहे. त्यात ती विचार करतात. तू चोर आहेस, त्यांची शांतता चोरतोस. घे, बिस्कीट खा. उद्या पुन्हा सांग मला किती वेळा थांबलास ते.”

हे तासभर चालायचं. बाई खिडकीशी उसवलेलं शिवत ऐकत राहायच्या. किती बारीक बघतो हा माणूस! कुठल्या पोराचा डोळा कुठे गेला, कुठल्या शब्दावर वर्ग सुटला, सगळं सांगतो. गाढव म्हणवून घेण्याचं भाग्य मात्र मुलींच्या नशिबी नव्हतं. त्या बाळ होत्या. बाळाला खेळवतात, शिकवत नाहीत.

बाई एकदा बोलल्या होत्या. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, तिसऱ्या खुर्चीवरून. “सर, ती सगळं पहिल्या बाकाशीच बोलते,” एवढंच. सर क्षणभर चमकले, मग मनमोकळं हसले. “अहो, खुर्चीला कंठ फुटला!” मुलगी हसली, बाईही हसल्या. विनोद चांगलाच होता. महिनाभर स्टाफरूममध्ये चालला. तेव्हापासून खुर्ची मुकी.

घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, “तू कशाला मध्ये पडतेस? तुझं काम सही. सही झाली ना? झालं तर.”

त्या वर्षीच्या मुलींत एक होती, तिला सगळ्या ‘घाई’ म्हणत. लग्न झालेली, अंगाने बारीक, चालताना अर्धी पळणारी. घरात आठ माणसं, आणि ही एकटी सून. कोणाला तहान लागायच्या आधी पाण्याचा पेला त्याच्यासमोर गेला पाहिजे, अशा घरात लागलेली सवय. “सासूबाईंनी ‘अगं’ म्हटलं की मी ‘आणते’ म्हणते,” तिने एकदा हसत सांगितलं. “काय आणायचं ते वाटेत कळतं.”

गणिताच्या पाठासाठी तिला कापडी आकडे हवे होते, त्यासाठी ती शिवणवर्गात यायला लागली. आकडे कापता कापता बोलायची. सासऱ्यांनी एक वर्ष दिलं होतं. ‘एक वर्ष. झालं तर नोकरी कर, कोणी अडवणार नाही. नाही झालं तर घर आहेच.’ शब्दाचे पक्के. रोज सकाळी स्वतः स्कूटरवरून सोडायचे, संध्याकाळी न्यायला यायचे, आणि फाटकाबाहेर दोनदा हॉर्न वाजवायचे. तिसऱ्यांदा कधी वाजवावा लागला नाही.

“मला वर्ग हवाय बाई,” ती म्हणाली. “माझा स्वतःचा. दारावर कोणी हाक मारणार नाही असा.” मग स्वतःच घाईने म्हणाली, “म्हणजे, घरचे चांगलेच आहेत हं.”

बाईंनी तिचे पाठ पाहिले होते, कारण मधल्या सुट्टीत आकडे भिंतीला लावून द्यायला त्या जायच्या आणि जरा रेंगाळायच्या. चूक पहिल्याच पाठात दिसली. अगदी लंबूचीच चूक. “सातात पाच मिळवले तर किती? बारा, बरोबर? बारातून चार गेले तर? आठ, शाब्बास.” शाब्बास कोणाला, देव जाणे. पोरांनी हात वर करावा तोवर ही पुढच्या प्रश्नावर गेलेली. शांतता झाली की तिचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणीतरी पाण्यावाचून ताटकळलंय.

आणि सर लिहायचे, पाठ छान. आणि बाई सही करायच्या. बत्तीस पाठांपैकी एकोणतीस असे झाले.

बत्तीस झाले की शेवटचा, परीक्षेचा पाठ बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर द्यायचा होता. त्याला तीन आठवडे उरले तेव्हा बाईंना राहवेना. घाई आकडे घ्यायला आली, तशी त्यांनी तिच्या हातात सुई आणि दोरा दिला.

“ओव.”

तिने ओवला. झटक्यात.

“आता पहिलीतल्या पोराला ओवायला शिकव. तो ओवतोय, चुकतोय. तू काय करशील?”

“मी ओवून देईन.”

“मग त्याला कधी येणार?”

बाईंनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. “मी अशी उभी राहते वर्गात. नाहीतर हात आपोआप पुढे जातो. प्रश्न विचारलास की हात मागे घे, आणि मनातल्या मनात सुईत दोरा ओव. ओवून झाला की मग बोल. तू थांबत नाहीस गं. तुझं एवढं एकच चुकतं, पण ते सगळीकडे चुकतं.”

घाईने त्यांच्याकडे पाहिलं. “पण सर तर छान म्हणतात.”

“सर मुलांना टपरीवर काय म्हणतात ते ऐक कधीतरी.”

“मी कशी ऐकणार बाई?”

तेही खरंच.

तरी पोरीने करून पाहिलं. तिसाव्या पाठाला प्रश्न विचारला, हात मागे घेतले, आणि थांबली. वर्ग दचकला. असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला, वर्षभर कधी न दिसलेला, आणि त्या पोराने उत्तर दिलं. चुकीचं होतं, पण त्याचं स्वतःचं होतं. दारातून बघणाऱ्या बाई त्या दिवशी जरा जास्तच रेंगाळल्या.

मार्गदर्शनाला सर काळजीत दिसले. “आज मध्ये मध्ये अडखळत होतीस का गं? तब्येत बरी आहे ना?”

“नाही सर, ते बाई म्हणाल्या की प्रश्न विचारल्यावर जरा…”

सरांनी वळून तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. रागाने नव्हे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने औषध सुचवल्यावर डॉक्टर पाहतो तसं. “बाईंचं वेगळं असतं, बाळ. सुईला घाई चालत नाही. गणिताला ओघ लागतो. तुझा ओघ किती छान होता! तू आपली तुझ्या पद्धतीने जा.”

लंबू थांबला की तो विचाराला वाव. ही थांबली की अडखळली. हे दोन्ही त्याच माणसाचे कान ऐकत होते. बाईंच्या जिभेवर शब्द आला होता. त्यांनी तो दोऱ्याबरोबर दातांनी तोडला आणि हिरव्या ‘पाठ छान’खाली सही केली.

घाई पुन्हा पूर्ववत झाली. दोष तिचा कसा म्हणावा? एकीकडे एकतीस वर्षांचा अनुभव, दुसरीकडे काज करणारी बाई. तीही त्याच घरांतून आली होती ज्यांतून सगळे आले होते.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक म्हणून एक बाई आल्या. सरांना हायसं वाटलं. “बाई आहेत, समजून घेतील,” ते समक्षबाईंच्या कानात म्हणाले. परीक्षकबाई ठेंगण्या होत्या, केस बारीक कापलेले, पर्समध्ये तीन लाल पेनं. आधी लंबूचा पाठ झाला. तो प्रश्न विचारून असा निवांत उभा राहिला की जणू बसची वाट बघतोय. वर्ग फुलला. मग घाईचा. कापडी आकडे सुंदर होते, अक्षर मोत्यासारखं, आवाज गोड, थोडा वाढवलेलासुद्धा. पस्तीस मिनिटांत तिने चाळीस प्रश्न विचारले आणि चाळीस उत्तरं दिली.

परीक्षकबाईंनी शेरा लिहिला : ‘शिक्षिकेने हा पाठ स्वतःला शिकवला. वर्ग उपस्थित होता.’ खाली ‘अनुत्तीर्ण’.

मग त्यांनी सरांना आणि समक्षबाईंना मार्गदर्शनाच्या खोलीत बोलावलं. घाईची वही त्यांच्यासमोर होती. पान उलटलं की हिरवं, पान उलटलं की हिरवं.

“बत्तीस वेळा छान,” त्या म्हणाल्या. “इतकं छान असताना आज हे असं कसं, सर?”

“घाबरली असेल हो. मुलींचं होतं असं.”

“त्या उंच मुलाला थांबायला कोणी शिकवलं?”

“मीच की!” सर खुलले.

“आणि हिला?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. बाईंना त्यांची दया आली. दोन वर्षांत निवृत्त व्हायचे होते. त्यांना खरोखरच समजत नव्हतं. आपण वर्षभर कोणालातरी उपाशी ठेवलं आणि ते प्रेमाने ठेवलं, हे कोणाला असं उभ्या उभ्या समजेल?

परीक्षकबाई आता समक्षबाईंकडे वळल्या. “प्रत्येक नोंदीखाली तुमची सही आहे. तुम्ही हजर होता ना? नियम सांगते. मार्गदर्शन अपुरं होतं असं मार्गदर्शकाने किंवा साक्षीदाराने लिहून दिलं, तर पंधरा दिवसांनी हिचा पाठ पुन्हा घेता येतो. नाहीतर पुढच्या वर्षी. एक ओळ पुरे. झालं होतं का मार्गदर्शन?”

आणि त्या थांबल्या. त्यांना थांबता येत होतं. पेन खाली ठेवून, हात मांडीवर घेऊन, सुईत दोरा ओवून होईल एवढा वेळ त्या शांत बसल्या. ती शांतता समक्षबाईंची होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना ती दिली होती.

दाराबाहेर घाई उभी होती. दार नियमाप्रमाणे उघडंच होतं.

बाईंना बत्तीस सह्या दिसल्या. एक खोटी म्हटली की बत्तीस खोट्या, आणि त्यामागे एकोणीस वर्षांच्या. सरांचा पुसलेला चष्मा दिसला. घरी यजमानांना काय सांगायचं तेही क्षणभर दिसलं. आणि मग जीभ, जिला दुसरं काही येतच नव्हतं, ती आपणहून चालली.

“झालं. माझ्या समक्षच झालं.”

परीक्षकबाईंनी आणखी थोडी वाट पाहिली. मग पेनाला टोपण लावलं.

घाई फाटकाशी पिशवी घेऊन उभी होती. पिशवीतून कापडी नऊ बाहेर लोंबत होता. बाई तिच्याकडे गेल्या, अर्ध्या पळत, तिच्यासारख्याच, आणि सगळं सांगून टाकलं. कुठल्या प्रश्नाला डाव्या रांगेत तीन ओठ हलले होते. कुठे थांबायला हवं होतं. मागच्या रांगेतल्या त्या पोराने आजही हात अर्धा उचलला होता आणि खाली घेतला होता. फळ्याकडे वळताना वाक्य कसं हरवतं. एकोणीस वर्षांचं साठलेलं, घडी घातलेलं सगळं त्यांनी त्या फाटकात उलगडलं. असं मार्गदर्शन त्या विद्यालयात कोणा मुलीचं झालं नव्हतं.

घाईने सगळं ऐकून घेतलं. मान हलवत, जणू उद्या पाठ आहे.

मग म्हणाली, “बाई, हे आत का नाही सांगितलंत?”

आणि ती थांबली. उत्तर स्वतः दिलं नाही. ‘म्हणजे, तुमचा नाइलाज असेल’ असंही म्हणाली नाही. दोन्ही हात मागे घेऊन, बाईंच्या तोंडाकडे बघत, ती नुसती उभी राहिली.

स्कूटरचा हॉर्न वाजला. एकदा. दोनदा.

ती हलली नाही. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा गेली.

पुढच्या वर्षी नवीन मुली आल्या, नवीन वह्या आल्या. पहिल्याच मार्गदर्शनाला चार मिनिटं झाली, हिरवी शाई झाली, वही तिसऱ्या खुर्चीकडे आली. बाईंनी लिहिलं, ‘मी हजर होते. मार्गदर्शन झाले नाही.’ आणि खाली ती देखणी सही.

सरांनी वाचलं. “बाई, हे काय?”

“समक्ष जे झालं ते.”

“मी काय वाईट वागलो हो तुमच्याशी?” त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता.

“काहीच नाही, सर. तेच तर.”

सर त्यानंतर त्यांच्याशी बोलले नाहीत. मुख्याध्यापकांनी आरडाओरडा केला नाही. बाईंचं वय झालं, त्यांना त्रास नको, म्हणून तिसरी खुर्ची वाचनालयाच्या बाईंकडे दिली. त्यांची सही साधी आहे, पण वेळेवर होते. खुर्चीच्या पायाखालची कापडाची घडी कोणीतरी काढून टाकली, म्हणून ती आता जराशी डुगडुगते. घाईची जागा दुसऱ्या वर्षी दुसऱ्या मुलीला गेली. तिच्याबद्दल एवढंच कळलं की नणंदेच्या मुलाला ती घरी पाढे शिकवते, स्वयंपाक करता करता.

परवा एक नवी मुलगी शिवणवर्गात आली. बाहीचं बटण तुटलं होतं, पुढच्या पाठाला जायचं होतं. बाईंनी तिला बसवलं आणि बटण लावून दिलं.

“आत्ता पाठ झाला ना? कसा झाला?”

“सर म्हणाले, छान.”

“आणि तुला कसा वाटला?”

मुलीने वर पाहिलं. बाईंनी सुई उशीत खोचली, हात पाठीमागे घेतले, मनगट धरलं. खिडकीतून टपरीवरचा आवाज आता मधल्या सुट्टीतही येत होता, कोणीतरी गाढव ठरत होतं. मुलीने ओठ उघडले, मिटले, बटणावरून बोट फिरवलं.

घंटा झाली.

“बाई, उशीर होईल,” ती म्हणाली, आणि थँक्यू म्हणून गेली.

बाई तशाच उभ्या राहिल्या, हात मागे.